आत्याच्या पाठीचा साचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दिवसाला सिगारेटी किती ओढतो तेही खरं सांगतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल. बसा. फार लांबण लावत नाही.

मी पुतळे करतो. बीडला माझं पत्र्याचं शेड आहे. पोट भरतं ते पुढाऱ्यांच्या पुतळ्यांवर. घरचे लोक फोटो घेऊन येतात अन् म्हणतात, पोट जरा आत घ्या, छाती जरा रुंद करा. मी करतो. गळ्याखाली सगळे सारखेच — जाकिटाच्या आत माणूस नसतोच. वीस वर्षं हेच केल्यावर स्वतःचीच शिसारी यायला लागली. वाटलं, एकदा तरी खरं अंग करावं. राबलेलं, झिजलेलं, आपल्याकडचं. मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत हल्ली तेच बघतात — सुरकुतलेलं पोट, तुटका हात, नुसती पाठ. अन् मला तिथं नाव हवं होतं. उगाच साधूपणा कशाला दाखवू?

पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. शेवंताआत्याची, माझ्या वडलांच्या बहिणीची.

आमचं घर मेंढरांमागं फिरणारं, गाव पाटोद्याजवळ. आमच्यात दुखणं हटेना की डाग देतात — तापलेली सळई अंगावर टेकवायची. मेंढराला तसाच माणसाला. आत्याच्या पाठीवर असे अकरा डाग, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, काही काळे, काही पांढरट पडलेले. लहानपणी मी तिला अंगणात डाग घेताना बघितलंय. हूं की चूं केलं नव्हतं तिनं. पण ती पाठ उघडी केली होती इलाजासाठी. पुतळ्यासाठी मागितली असती तर आत्यानं पायातली काढून हाणली असती, अन् बरोबरच केलं असतं.

मग? मग मी तिला इलाजच सांगितला.

तिची पाठ तेव्हा दुखतच होती. म्हणालो, आत्या, शहरात एक नवा लेप निघालाय, डाग नको घेऊ, हा लावू. तिनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? शिकलेला भाचा. गोठ्यात घोंगडीवर ती पालथी पडली, शेजारी तिची सून बसली. मी पाठीला खोबरेल चोळलं, प्लास्टर कालवलं अन् थापलं. प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं, बाकी त्यात औषध कसलं आलंय? पण ती ऊब अंगात उतरली अन् आत्या म्हणाली, "लई बरं वाटतंय रे लेकरा. कुठं हुतास इतके दिस?"

इथवर लबाडी होती. लबाडी तर मी पुतळ्यांत रोज करतो. खरं पुढंच आहे.

शेडमध्ये येऊन बघतो तर कमरेवरच्या तीन डागांच्या जागी हवेचे बुडबुडे. तेवढा साचा वाया गेलेला. परत घ्यायला हवा होता, पण हातात एका पुढाऱ्याचं काम, महिनाभर तरी सुटका नव्हती. तेवढ्यात सुनेचा फोन आला. "भाऊजी, आत्याबाईंना ताप येतोय, पाय बधिर पडायलेत. दवाखान्यात दाखवू का?"

मी काय म्हणालो? — शब्दाला शब्द आठवतं. "इतक्यात नको. लेपाचा दुसरा हात बाकी हाय. मधी दुसरं औषध घेतलं तर लेप उलटतो."

डॉक्टरनं कमरेला पट्टा बांधला असता. लेप कसला म्हणून विचारलं असतं. अन् माझी पाठ हातची गेली असती. माझी पाठ — मनात अगदी असंच आलं होतं.

त्या दोघींनी ऐकलं. महिन्याचे दोन झाले. दुसरा साचा झकास निघाला. पंधरा दिवसांनी आत्या अंथरुणातून उठेना, तेव्हा दवाखाना झाला. मणक्याचा टीबी. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर मणका खचला नसता. बाहेर बाकड्यावर सून रडत म्हणाली, "माझंच चुकलं भाऊजी, मीच जोर केला न्हाई."

मी मान हलवली. हो, अशी हलवली. तिला आजही तेच वाटतं.

गोळ्यांनी आत्या बरी झाली, पण कमरेतून वाकली ती वाकलीच. चालताना तिला जमीनच दिसते. तिची फायबरची सरळ पाठ प्रदर्शनात लागली, बक्षीस मिळालं. मातीत हातानं घडवली, असं मी सांगितलं. गावात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, भाच्यानं लई केलं माझं.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. खरंच ठरवून. तिनं मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं — वर बघायला तिला तसंच करावं लागतं — अन् म्हणाली, "आणलाय का रे लेप? त्यानंच काय ते बरं वाटलं हुतं."

प्लास्टरची पिशवी गाडीत होतीच. मी कालवलं. ती कुशीवर पडली, मी थापलं. ऊब आली तशी तिनं डोळे मिटले.

वीस मिनिटांनी साचा सोडवला. फेकून द्यायचा होता. पण वाकलेली पाठ फार चांगली उतरली होती. मी तो पोत्यात नीट गुंडाळला, गाडीत मागं ठेवला अन् बीडला आणला.