आपल्याच नियमासमोर उभे राहिलेले नीळकंठराव

प्रा. नीळकंठराव सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट इथे गुजरातेत, बमरोलीच्या राममंदिरात झाली. प्रवचन आटोपून मी पोथी बासनात बांधत होतो. एक गृहस्थ पुढे आले, नमस्कार केला आणि रविवारी सकाळी सभामंडप रिकामा असतो का, असे विचारले. ते शहरातील एका विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला संविधान शिकवीत. आमच्या खानदेशी कामगारांची मुले घरी अहिराणी बोलत, रस्त्यावर हिंदी, वर्गात गुजराती ऐकत आणि पुस्तक इंग्रजी वाचत. या गुंत्यात विषयच हातातून निसटतो, म्हणून त्यांना मराठीतून शिकवायचे होते. मंदिरात कायदा कशाला, असे मी म्हटले. ते शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, इथे चपला काढून सगळे एकाच जाजमावर बसतात. माझा पहिला धडा तोच आहे."

वयाने मी त्यांच्याहून वडील. तरीही त्या रविवारपासून मी खांबाला टेकून त्यांच्या वर्गाला बसू लागलो, आणि आज या गौरवग्रंथात त्यांचा विद्यार्थी म्हणूनच लिहीत आहे. कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे का असावेत, हे ते समजावत होते, तेव्हा मला यज्ञमंडप आठवला. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू आहुती देतो, उद्गाता गातो; आणि ब्रह्मा नावाचा ऋत्विज मौन धरून बसतो, चूक झाली तरच बोलतो. वर्ग सुटल्यावर मी हे सांगितले. पुढच्या रविवारी त्यांनी माझे नाव घेऊन ते मुलांना सांगितले आणि हसत पुस्ती जोडली, "आमचा ब्रह्मा मात्र कुणी दाराशी तक्रार आणल्याशिवाय सहसा तोंड उघडत नाही."

माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा कॉलेजातून परतताना ते रोज येत आणि मला पोथी वाचून दाखवीत. त्यांची देवावरची श्रद्धा बेताचीच. मध्येच थांबून, हे मला पटत नाही, असे म्हणत. मग आमचा वाद रंगे आणि चहा निवून जाई. मला दिसत नव्हते, पण त्या काळात एकटेपण कधी जाणवले नाही.

त्यांच्या विद्येची खरी कसोटी मात्र कानबाईच्या मांडवात लागली. श्रावणात आमच्या मंडळाच्या मांडवात खानदेशी घरांची देवी कानबाई बसते. ती बसवण्याचा मान दरवर्षी क्रमाने एका जोडप्याला मिळतो. आधीचा महिनाभर त्या जोडप्याने रोज संध्याकाळी सेवेला यावे, न आल्यास मान पुढच्या घराला जावा, असा नियम होता. तो मंडळाच्या सांगण्यावरून नीळकंठरावांनीच लिहून दिला होता.

त्या वर्षी मान सुकदेव आणि विमलबाई यांचा होता. मुलगी मोठ्या आजारातून उठावी, म्हणून विमलबाईंनी देवीला नवस बोललेला. सुकदेव लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. त्या महिन्यात त्यांना रातपाळीच लागली. लेक अजून अशक्त, तिला एकटी टाकून विमलबाईंनाही संध्याकाळी निघता येईना. मंडळाचे अध्यक्ष भिकाआप्पा यांनी नियमावर बोट ठेवले आणि मान काढून घेतला. नियम करण्यात आप्पा होते, हजेरीवर लक्ष आप्पांचे आणि निर्णयही आप्पांचाच. पुढचे घर कोणाचे, हे सर्वांना ठाऊक होते. ते नीळकंठरावांचे होते. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी देवीसाठी चौरंगसुद्धा रंगवून ठेवला होता.

विमलबाई रडत मंदिरात नीळकंठरावांकडे आल्या. "मन्हा मालक रातपाळीले व्हता, सर. देवीना कामले त्यानी कव्हय नाही म्हनं?"

सरच काय ते सांगतील, असे आप्पा म्हणाले. सरांनी नकार दिला. नियम माझा आणि मान गेला तर लाभही माझा, मी निवाडा कसा करू, असे त्यांनी विचारले. ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही, अशांनी हे ऐकावे, असे त्यांनी सुचवले. म्हणून मी बसलो, आणि मराठवाड्यातील व विदर्भातील दोन गृहिणी बसल्या. नीळकंठराव आमच्यासमोर विमलबाईंच्या बाजूने उभे राहिले.

"नियम सगळ्यांना एकच, म्हणून तो समान, असे मी समजलो," ते म्हणाले. "पण दिवसपाळीच्या माणसाकडे तो संध्याकाळचा तासभर मागतो आणि रातपाळीच्या माणसाकडे भाकरी मागतो. वर्षानुवर्षे मी हेच शिकवतो, आणि आपल्याच मांडवात मला ते दिसले नाही."

आप्पांनी टोला दिला. "नियम बी तुम्हनाच, तक्रार बी तुम्हनीच. आते आम्ही काय करानं?"

मग विदर्भातल्या शांताबाईंनी नैवेद्याचे गहू कोणी निवडले, असे साधेच विचारले. सकाळी पाळी संपवून सुकदेव झोपण्याआधी मांडवाचे बांबू बांधून जात आणि दुपारी लेकीला शेजारी बसवून विमलबाई गहू निवडत, हे तेव्हा उघड झाले. संध्याकाळच्या हजेरीत हे काम कधी दिसलेच नव्हते.

सेवा कोणत्याही वेळी केली तरी ती सेवाच, असा निर्णय आम्ही दिला. पूर्वी याच कारणाने वगळलेली घरेही क्रमात आपापल्या जागी परत आली. नियम करणारे, लक्ष ठेवणारे आणि वाद ऐकणारे यापुढे वेगवेगळे असावेत, हेही ठरले. मग आपल्याकडे काय उरले, असे आप्पांनी कुरकुरत विचारले. "पहिला नारळ फोडायचा मान, आप्पा," सर म्हणाले, आणि आप्पाही हसले.

नीळकंठरावांचे घर मात्र त्या निर्णयाने कितीतरी मागे गेले. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो, तेव्हा कुसुमताईंनी पाणी देत विचारले, "अहो, तुमच्या संविधानात घरची माणसं येतात की फक्त बाहेरची?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंगवलेला चौरंग ताईंनी स्वतः विमलबाईंच्या खोलीवर नेऊन दिला. या गौरवातला अर्धा वाटा त्या माउलीचा आहे.

यंदा त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त कानबाईचा मान त्यांना द्यावा, असा ठराव मंडळाने आणला. तो मांडला होता भिकाआप्पांनी. नीळकंठरावांनी हात जोडले. "साठी माझी झाली, म्हणून रांगेतल्या दुसऱ्या कुणी का थांबावे?"

त्यांचे घर यायला अजून बरेच श्रावण जायचे आहेत. प्रभू रामचंद्राने त्यांना आणि कुसुमताईंना तोवर धडधाकट ठेवावे, त्यांची वाणी वर्गात अशीच चालू राहावी, आणि क्रमाने, कोणालाही न ओलांडता, ती कानबाई त्यांच्या हातून बसावी. त्या दिवशी जाजमावर त्यांच्याशी वाद घालायला मलाही त्याने थोडे आयुष्य द्यावे, एवढे मागणे मी रोज मागतो.