छातीएवढा खांब

केळशीत माणसं एकमेकांकडून विरजणापासून शिडीपर्यंत सगळं मागून नेतात, पण माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. दोन आरसे समोरासमोर टांगून ते स्वतःचे केस स्वतः कापत. मागून डोकं अर्धवट कापलेल्या माळासारखं दिसे. कुणी हसलं तर म्हणत, “मला कुठे दिसतंय? ज्याला दिसतंय त्याने डोळे मिटावे.” लग्न केलं नाही. का, विचारलं तर, “मुलगी मागायला जावं लागलं असतं.” अठ्ठ्याण्णव साली शेजारी फोन आला तेव्हा लोकांनी त्यांनाही आग्रह केला. “नको,” मामा म्हणाले, “त्यात बोलायला पलीकडे दुसरा लागतो.”

पण त्यांची खरी करामत म्हणजे खांब. गवताचा भारा बांधणारा कितीही दांडगा असो, तो डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून आमच्याकडे वाटेवरच्या कुणालाही “जरा हात लाव” म्हणायचं, आणि त्याने मुकाट लावायचा, अशी रीत. मामांना ती मंजूर नव्हती. त्यांनी वाटेच्या कडेला जांभ्याचे चिरे रचून छातीएवढा खांब उभा केला. भारा कवेत घेऊन त्यावर टेकवायचा, वाकून खाली डोकं घालायचं, की निघाले! महिनाभरात गावातल्या बाया तिथे रांग लावू लागल्या. “एकट्यासाठी बांधला, तर ह्यांची जत्रा!” असं मामा कुरकुरत. वरचा चिरा झिजला तेव्हा मात्र गुपचूप नवा बसवून ठेवला.

मी पडलो रत्नागिरीच्या कचेरीतला मागतकरी. एका लग्नात मी कुणाची तरी छत्री मागताना मामांनी भर मांडवात सुनावलं, “जावईबापू, देवाने दोन हात दिलेत. तिसरा मागू नये.” सगळे हसले. मीही हसलो. ते हसू काही मला पचलं नाही.

आता खरं सांगून टाकतो. मामांनी कधी काही मागितलं नाही, हे वर लिहिलं ते खोटं. एकदा मागितलं, आणि माझ्याकडेच. दिवाळीनंतरची गवतकापणी चालू होती. मी दापोलीच्या एसटीसाठी निघालो, तर मामा खांबाजवळ उभे, भारा पायाशी. “जावईबापू, जरा हात लावता का?” तिकडे जावयाला काम सांगणं म्हणजे नामुष्की. तरी सांगितलं. उजवा हात त्यांनी डाव्याने धरून ठेवला होता. तो थरथरत होता. मी पाहिला, आणि म्हणालो, “मामा, देवाने दोन दिलेत की! शिवाय खांब आहेच.”

क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खो खो हसले. “शाबास! शिकलात एकदाचे.”

घरी बायकोला मी सांगितलं, एसटी चुकत होती म्हणून थांबलो नाही. एसटीला चांगला अर्धा तास होता. मला गंमत वाटली होती, एवढंच.

शिमग्याला गेलो तोवर तो हात पार गेला होता. मामा डाव्या हाताने केस कापत होते, आता डोकं पुढूनही माळासारखं. “द्या इकडे कात्री, मी कापतो,” मी म्हटलं. “छे छे, आता डावा बसलाय,” म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. पुढे चार वर्षं जगले ते तसेच, डाव्या हातावर आणि ताठ मानेने. गेले तेही कुणाला हाक न मारता.

गेल्या गवतकापणीला केळशीला गेलो होतो. खांबापाशी एक म्हातारी भारा टाकून दम खात होती. मी पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

“मावशी, हात लावू?”

“नको रे बाबा,” ती म्हणाली, “खांब आहे ना.”

तिने भारा टेकवला, वाकून डोकं घातलं आणि चालती झाली. वरच्या चिऱ्यावर गवताच्या चार काड्या राहिल्या होत्या. त्या मी हाताने झाडल्या.