कडेवरचं तांबं

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानदाराचं खरं आडनाव बाजार कधीच विसरला होता. सगळे त्यांना कडेकर म्हणत. नाणं हातात आलं की चारचौघं आधी छाप बघतात, हे गृहस्थ मात्र ते आडवं धरून डोळ्याला भिंग लावत आणि कडा बघत. "तोंडावर सगळेच गोड असतात," ते म्हणायचे. "पोटात काय आहे ते कडा सांगते."

एकाच छापाची नाणी तीन तऱ्हांची निघत. पुऱ्या चांदीचं साडेबारा ग्रॅम भरायचं आणि त्याची कडा पांढरी. दुसऱ्यात वरखाली चांगल्या चांदीचा पत्रा आणि मधे हलकी चांदी. ते साडेअकरा भरे, कडा राखाडी पांढरी. तिसरं वरून तसंच चकचकीत, पण पोटात निव्वळ तांबं. वजनाला दुसऱ्याहून जरासंच कमी आणि कडेवर तपकिरी पट्टा. कडा आणि काटा यांचं एकमत झाल्याशिवाय कडेकर तोंड उघडत नसत.

पुढे दोघांचं बिनसलं. काटा म्हणे साडेअकरा, कडा म्हणे तांबं. कडेकरांनी निकाल दिला की काटाच बिघडला. दुरुस्तीवाल्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, काटा ठणठणीत आहे." कडेकरांनी दुरुस्तीवाला बदलला.

त्याच सुमारास त्यांची ताई दुकानात आली. भाऊजी नुकतेच गेले होते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी दिलेलं एक नाणं तिने जन्मभर जपलं होतं. कडेकरांनी ते आडवं धरलं.

"ताई, पट्टा दिसतोय. आत तांबं आहे."

"अरे, हे तर चांदीचं म्हणाले होते."

"म्हणाले असतील."

किती सहज बोलून गेला हा माणूस! आणि तेही काटा साडेअकरा दाखवत असताना. ताईने नाणं रुमालात बांधलं आणि चहाला न थांबता निघून गेली.

इकडे घरात शर्टांवरून कुरबुर सुरू झाली. धुतलेले शर्ट मळके दिसतात म्हणून कडेकर रोज बायकोच्या मागे लागत. शेवटी तिने शर्ट त्यांच्या नाकासमोर धरला. "हा पांढराशुभ्र आहे. डोळे दाखवून या तुमचे!"

डॉक्टरांनी पाहिलं तर मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. या डोळ्यांना बरेच दिवस सगळं पिवळट, तपकिरीच दिसत असणार, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि दवाखान्याची भिंत बघून कडेकर हरखले. दुसऱ्याच क्षणी त्यांना आठवलं. ताईचं नाणं!

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली त्याच दिवशी काटा काखोटीला मारून ते ताईकडे गेले. तिने बटणांच्या डब्यातून नाणं शोधून काढलं. कडा राखाडी पांढरी, पट्ट्याचा मागमूस नाही. काटा साडेअकरावर थांबला.

"ताई, चुकलो मी. पुऱ्या चांदीचं नाही, मधे जरा हलकी आहे. पण चांदीच आहे. भाऊजी खोटं बोलले नव्हते."

आता आपली खरडपट्टी निघणार, असं त्यांना वाटलं. निघाली असती तरी ती हक्काचीच होती. पण ताईने आधी नाणं उचलून मुठीत घेतलं.

"एवढे महिने लावलेस होय रे?"

"माझे डोळेच..."

"गाढवा, अबोला धरला होता मी त्यांच्याशी! ते गेल्यावरही रोज सकाळी चहा घेताना मी त्यांना सगळं सांगायचे. तू तांबं म्हणालास आणि मी बोलणंच टाकलं."

कडेकरांना रडू फुटलं. नव्या डोळ्यांना जपा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते राहिलं बाजूला. ताईने मात्र तळव्याने आपले गाल पुसले आणि काटा उचलून त्यांच्या हातात दिला.

"ऊठ, नीघ आता. मला यांच्याशी खूप बोलायचंय."