शेवटच्या ओळीतला शेपू

शेजारचे तात्या सकाळी कोबीच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून शेपू हुंगत होते. ते पाहून मी चहाबरोबर कपबशीही गिळणार होतो. या माणसाचं शेपूशी वैर असं, की काकूंनी तो फोडणीला टाकला की हे ताट घेऊन नदीपलीकडे जेवायला जात! कोबीच्या ओळींमध्ये शेपू पेरला, तोही काकूंनी भांडून. पण परवाच्या तापानंतर तात्यांच्या नाकाला वासच कळेनासा झाला. चहा काय, आमटी काय, त्यांना सगळं कोमट पाणी.

पहिल्या ओळीत खताची चंगळ. तिथला शेपू असा माजलेला, की त्याला म्हैस बांधावी. तात्यांनी पानं चुरडून हुंगली. काही नाही. मधल्या ओळीला निम्मं खत. तिथंही त्यांनी मान हलवली. बांधावर काकू श्वास रोखून उभ्या होत्या. मला वाटलं, फार पोसलेल्या झाडाला स्वतःचा वास जपायची गरजच उरत नसावी. माणसाचंही तसंच असेल का? स्वतःच्या ढेरीकडे लक्ष गेलं आणि मी तो विचार तिथंच आवरला.

शेवटच्या ओळीपर्यंत खत पुरलंच नव्हतं. तिथला शेपू बोटभर, पिवळट. तात्यांनी तो चुरडून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! काय घाण वास आहे गं हा!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "आज हीच भाजी करते."

"कर की," तात्या म्हणाले आणि चिमूट पुन्हा नाकाशी नेली.