आठशे अंशांची भट्टी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे दशांशराव म्हणत. चहा गरम आहे का विचारलं, तरी हे आधी घोट घेतील आणि दशांशचिन्हानंतरच्या एका घरापर्यंत उत्तर देतील, अशी थट्टा चालायची. त्यांचं काम म्हणजे धातूंच्या संयुगांचे बोटभर तुकडे भट्टीत तापवायचे, तापलेले असतानाच यंत्राने दोन्हीकडून ओढायचे, आणि कुठल्या तापमानाला किती जोर लावल्यावर ते ताणले जातात, तुटतात ते पाहायचं. सत्तावीस वर्षं हेच. शेजारच्या टेबलावर बसून आकडे लिहून घ्यायची ती त्यांची बायको. ओळख त्याच खोलीत झाली होती.

अलीकडची तीन वर्षं निकेल आणि ॲल्युमिनियमच्या एका संयुगात गेली. हे संयुग मोठं हेकट. इतर धातू तापले की मऊ पडतात. हे तापेल तसं अधिकच ताठ व्हायचं, आणि एका ठरावीक तापमानानंतर एकदम ढेपाळायचं. तेवढा आकडा शोधायचा होता.

"अगदी तुमच्यावर गेलंय," बायको म्हणायची.

"मी कधी ढेपाळलो?"

"अजून पुरते तापला नाहीत, म्हणून."

एका सकाळी ती भट्टीच्या काचेतून बघता बघता थबकली. साहेब आणि बाहेरून आलेले दोन पाहुणे मागेच उभे होते.

"अहो, हे आठशे नाहीत. आठशेला तुकडा लाल दिसतो. हा नारिंगीकडे झुकलाय. आत जास्त ताप आहे."

"आकडा आठशेच दाखवतोय."

"तापमान मोजणारी तार जुनी झालीय. एकदा नवी लावून बघा ना."

नवी तार लावायची म्हणजे चालू चाचणी वाया, आणि तोवरच्या सगळ्या नोंदींवर शंका. तीही पाहुण्यांसमोर. दशांशरावांचा पारा चढला.

"डोळ्यांनीच तापमान मोजायचं तर ही यंत्रं कशाला मांडलीत? तू आकडे लिही."

पाहुणे हसले. तिने मान खाली घालून आठशे लिहिलं.

तो विषय तिने पुन्हा काढला नाही. महिनाभरात साहेबांना सांगून तळमजल्यावरच्या सामानाच्या कोठारात बदली मागून घेतली. घरी सगळं नेहमीसारखं होतं. फक्त यांनी भट्टीचं काही सांगितलं की ती नुसतं "हं" म्हणायची. यांना वाटायचं, जाईल राग. माफी मागायचं दोनतीनदा ओठांवर आलं. पण माफी मागायची म्हणजे आधी तार तपासायला हवी होती, आणि तिथेच घोडं अडायचं.

असे सात महिने गेले. एका दुपारी कोठारात तिच्या छातीत कळ आली. हे दोन जिने उतरून खाली पोचले तोवर तिला गाडीत घातलं होतं. दवाखान्यात त्यांनी तिला पाहिलं, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

तीन आठवड्यांनी ते कामावर आले. त्याच सुमारास यंत्रांची वार्षिक तपासणी निघाली. तपासनीस तरुण आणि बोलका होता. त्याने भट्टीत जुन्या तारेशेजारी नवी तार सोडली. जुनी आठशे दाखवत होती. नवी आठशे त्रेचाळीस पूर्णांक सहा दशांश.

"पुन्हा लावा," दशांशराव म्हणाले. तीनदा लावून घेतली. मग ते भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसले.

"काका, पाणी आणू का?" तपासनिसाने विचारलं.

गेल्या तपासणीनंतर तार कधीपासून चुकत होती ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे एकशे चाळीस चाचण्या पाण्यात. ज्या नऊ ठिकाणी निकाल पाठवले होते तिथे कळवणं भाग होतं.

"नेहमीच्या तपासणीत दोष आढळला, एवढंच लिहा," साहेब समजुतीने म्हणाले. "कुणाचं नाव कशाला?"

"दोष तपासणीत नाही आढळला, साहेब. आठ महिन्यांपूर्वी आढळला होता. जिला आढळला तिला मी गप्प बसवलं. तसंच लिहितो."

आणि बायकोच्या नावानिशी, तिने रंगावरून चूक कशी ओळखली त्यासकट, तसंच लिहिलं.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. तिला त्यांनी सगळं सांगितलं.

"आईने मला हे सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाली. म्हणे, ते स्वतःच येतील विचारायला. आकड्यांपुढे त्यांचं काही चालत नाही."

दशांशरावांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. पलीकडे लेक रडत होती.

सगळ्या चाचण्या त्यांनी पुन्हा केल्या. दीड वर्ष लागलं. ओढायचं त्यांनीच, आकडे लिहायचेही त्यांनीच. साहेबांनी मदतीला माणूस देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. संयुग ढेपाळतं तो आकडा बराच वर सरकला. नवा तक्ता छापून आला त्यावर दोघांची नावं होती, तिचं आधी.

तक्ता गेलेल्या एका ठिकाणाहून पत्र आलं. नुसत्या रंगावरून चूक ओळखणाऱ्या बाईंना आमच्याकडे बोलावायचं आहे, आमच्या लोकांना त्यांच्याकडून शिकायला आवडेल, त्यांना कधी सवड होईल, असं त्यात विचारलं होतं.

उत्तर लिहायला ते तीनदा बसले. मायना लिहून झाला. त्यापुढे हात चालला नाही.