टणटण वाजणारी नाव

माझे सासरे कुठलीही वस्तू घरात घेण्याआधी तिच्यावर मधल्या बोटाचं पेर आपटून बघत. माठ असो, दार असो, कलिंगड असो. आपटायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "फिट" नाहीतर "सिक". आयुष्यभर त्यांनी झाशीच्या यार्डात मालगाड्यांची चाकं हातोडीने वाजवून तपासली होती. चाक टणटण वाजलं तर डबा पुढे जाई. भद्द वाजलं तर ते डब्यावर खडूने 'सिक' लिहीत आणि तो गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर उभा करवत. रिटायर झाल्यावर यार्ड सुटलं, सवय सुटली नाही.

लग्न होऊन मी लक्ष्मी गेटच्या घरात आले, त्या दिवशी त्यांनी आधी माझी ट्रंक वाजवली. मग विचारलं, "किती शिकलीस?"

"चौथी."

"वडील काय करतात?"

"सायकलींची पंक्चरं काढतात."

त्यांनी तेच बोट माझ्या कपाळावर आपटलं, कान पुढे केला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "सिक." सगळे हसले. हेही हसले. माझं नाव त्या दिवसापासून 'चौथी' पडलं. "ए चौथी, पाणी." "चौथीला काय विचारता? पाचवी तिच्या घरावरून गेलीच नाही." मला माणसांत बोलायची आधीच भीती. मग मी बोलणंच कमी केलं.

पण मामंजींचं बोट चुकत नसे, हेही खरं. त्यांनी फिट म्हटलेलं कलिंगड लालच निघे. त्यांच्या निकालाशिवाय घरात काही येत नसे. त्यांनी सिक म्हटलेला कूलर दुकानात परत गेला, आणि माझ्या नणंदेला आलेलं एक चांगलं स्थळसुद्धा.

यांनी आयुष्यात एकच वस्तू मनापासून मागितली. हवा भरायची नाव. कयाक म्हणतात तिला. यांच्या कारखान्यातले पटेल भैया आपली विकणार होते. फोनवरचा फोटो यांनी मला स्वयंपाकघरात येऊन दाखवला. "गुंडाळली की पिशवीत मावते. ओरछ्याला नेऊ, बेतवेत सोडू. दोन जागा आहेत बघ. पुढे तू, मागे मी." टेम्पोत बसायचं तरी मामंजी यांच्या शेजारी आणि मी मागे पिशव्यांजवळ, असं पंचवीस वर्षं चाललेलं. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

पटेल भैया स्वतः नाव घेऊन आले. "दो दिन रख लो भैया. बाबूजी को दिखा लो, फिर बताना."

मे महिना होता. मामंजींनी सकाळीच ती गच्चीवर पसरवली. यांना पायाने पंप मारायला लावलं आणि स्वतः साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले. एकही बुडबुडा आला नाही. मग बोट आपटलं. भद्द.

"अजून भर, बाळ्या."

नाव तट्ट फुगली. पुन्हा भद्द.

"अजून. वाजली पाहिजे."

माझ्या वडिलांच्या दुकानात मी हवेतच वाढले. उन्हाळ्यात ते ट्यूबमध्ये हवा थोडी कमी ठेवत. ऊन चढलं की आतली हवा फुगते, जास्त भरलेली ट्यूब उभ्या उभ्या फुटते. मी सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, "मामंजी, हवा थोडी काढा, नाहीतर सावलीत तरी ठेवा. ऊन वाढलं की फुटेल."

ते खदखदून हसले. "ऐक बाळ्या! पंक्चरवाल्याची पोर मला हवा शिकवतेय. माझ्या गाड्यांचे हवेचे ब्रेक कशावर चालायचे गं, तुझ्या बापाच्या पंपावर?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पंप मारत होते. मान वर न करता म्हणाले, "तू खाली जा."

शेवटी नाव टणटण वाजली. "फिट!" असं ओरडलेलं मला जिन्यात ऐकू आलं. दिवसभर दाब टिकतो का बघायचा म्हणून नाव तिथेच उन्हात ठेवून दोघं जेवायला खाली आले.

दुपारी दोनच्या सुमारास मोठा आवाज झाला. हे जेवून बाहेर गेले होते. मामंजी आधी वर गेले, मागून मी. नावेचा सांधा हातभर फाटला होता. मामंजी उभे राहून बघत होते. मग ते हत्यारांच्या पेटीकडे गेले, एक गंजका खिळा काढला आणि फाटलेल्या जागेखाली ठेवला. मी जिन्याच्या दारात होते. त्यांनी मला पाहिलं. "काय बघतेस, चौथी?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पटेल भैया आले. "आपके दोस्त ने छत झाड़ी तक नहीं," मामंजी त्यांना यांच्यासमोरच सांगत होते. "कील पे रख दी नाव. हमने तो फिट दी थी." हे खिळा हातात घेऊन उभे. "गलती हो गई भैया," पुटपुटले. पटेल भैया म्हणाले, "कोई बात नहीं." पुन्हा ते आमच्या घरी आले नाहीत. मामंजी मात्र त्यानंतर यांना हाक मारत, "अरे खिळ्या!" पाहुण्यांसमोरसुद्धा.

शेवटचे पाच महिने मामंजी अंथरुणाला खिळले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. तिच्यात हवा मी भरायची. मी लागते तेवढीच भरे. एकदा खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा विचारलं, "मामंजी, नाव उन्हानेच फुटली ना?"

त्यांनी गादीवर बोट आपटलं, कान दिला. "हवा कमी आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "खिळ्याने फुटली."

माझ्याशी ते त्यानंतर बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले.

महिन्याने हे स्वयंपाकघरात आले आणि फोन पुढे केला. तशीच नाव, केशरी रंगाची, दोन जागांची. "घ्यायची का गं आता? गच्ची मी स्वतः झाडीन. एक खिळा राहू देणार नाही." बोलून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जसे वडिलांच्या तोंडाकडे बघत तसे.

तेव्हाच सांगता आलं असतं. मी त्या पुढच्या जागेकडे पाहिलं. मग माझा हात वर गेला. मधल्या बोटाचं पेर फोनच्या काचेवर आपटलं आणि कान जवळ नेला.

"सिक," मी म्हणाले.

हे "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवून बाहेर गेले. खिळ्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.