उसाचं टिपरू

इंदापूरकडे कुठला आलाय धबधबा? पण नीरा नदीवरचा बंधारा भरून वाहू लागला की पाणी नुसतं फेसाळत कोसळतं. त्याचा फोटो काढायला मी उसातून तासभर चालत गेलो आणि बंधाऱ्याखालच्या खडकावर, घोटाभर पाण्यात ट्रायपॉड लावला.

काठावर एक म्हातारा होता. नदीकाठची पाण्याची मोटर वर ओढायला आलेला. मोटरला दोर बांधण्याआधी त्यानं पाण्याच्या कडेला हातभर उसाचं टिपरू रोवलं आणि काम करता करता सारखा त्याच्याकडे बघत राहिला. ते नेमकं माझ्या फोटोत येत होतं.

"आबा, तेवढं काढता का?"

"न्हाय. पाणी किती चढलं त्ये त्येच सांगतंय. वरनं धरणातनं सोडलंय. तुमी या भाईर."

"पाचच मिनिटं," मी म्हणालो.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा भानावर आलो. कॅमेरा काढून गळ्यात अडकवला तोवर ट्रायपॉड गेला. पाय सुटायला लागले. आबांनी मोटरचा दोर सोडून माझ्याकडे फेकला आणि टाचा रोवून मला ओढलं. मी काठाला लागलो तोवर मोटर पाण्याखाली गेली होती.

"तुमची मोटर गेली हो, आबा."

दोर पिळत ते म्हणाले, "ती घावंल गाळात. तुमाला कुठं हुडकायचं हुतं?"

गळ्यातला कॅमेरा तेवढा वाचला. घरी फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत टिपरू आधीच्यापेक्षा आखूड झालंय. शेवटच्या फोटोत ते नाहीच. तो काढताना मला वाटलं होतं, आबांनी शेवटी माझं ऐकलं.